पंच्याहत्तर दिवस आणि वीस वर्षं

माझ्या दवाखान्यात वजनकाट्याशेजारच्या भिंतीवर उंची मोजायची लाकडी पट्टी आहे. मूल आलं की चपला काढायच्या, टाचा भिंतीला टेकवायच्या, डोक्यावर आडवी फळी ठेवायची आणि आकडा कार्डावर लिहायचा. नुसत्या सर्दीखोकल्यासाठी आलेल्या मुलाचीही उंची मी घेतो. आईवडिलांना तो वेळेचा अपव्यय वाटतो, पण बालरोगतज्ज्ञाची ती जित्याची खोड. या खोडीनेच मला एकदा तोंडघशी पाडलं. नऊ वर्षांचा एक मुलगा अतिचंचलतेसाठी मेथिलफेनिडेट घेत होता. औषध लागू पडलं होतं, वह्या पूर्ण होत होत्या, शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या थांबल्या होत्या. दोन वर्षांनी त्याचे वडील कार्ड उलटसुलट करून पाहत म्हणाले, "डॉक्टर, धाकटा याच्या कानाला लागला. गोळीमुळे याची उंची खुंटली की काय?"

मी ठामपणे सांगितलं, "छे, तसं काही नसतं."

त्या रात्री वाचायला बसलो तेव्हा कळलं, तसं काहीतरी असतं. फार नसतं, सगळ्यांना नसतं, पण असतं. पुढच्या खेपेला मी माझं उत्तर मागे घेतलं आणि तिथपासून हे पुस्तक सुरू झालं. प्रस्तावना दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाकडून लिहून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. ती मोडून मीच लिहितो आहे, कारण चूक माझी होती.

ही औषधं सुरू करताना घरचे जे विचारतात ते ठरलेलं असतं. सवय लागेल का? किडनीवर परिणाम होईल का? गोळी उष्ण पडेल का? आणि मुलगी असली तर, थोडं थांबून, आवाज खाली आणून, पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल का? किडनीची भीती इथे अनाठायी आहे. भ्यायचंच असेल तर वजनकाट्याला आणि रक्तदाबाच्या पट्ट्याला भ्यावं. लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर औषधशास्त्रात नाही. उरला सवयीचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्याच्याकडे पुढे येतोच. पण वीस वर्षं ही गोळी घेणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, हा सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र फार थोड्यांना सुचतो. समोर सात वर्षांचं पोर असताना सत्ताविसाव्या वर्षाचा विचार कोण करतो!

आधी नावाचा घोळ मिटवू. या औषधांना उत्तेजक म्हणतात. तो शब्द ऐकून एक आजी माझ्यावर उखडल्या होत्या: "पोराच्या पायाला आधीच भिंगरी, आणि तुम्ही त्याला उत्तेजक देता?" त्यांचं तर्कशास्त्र बिनतोड होतं, चूक शब्दाची होती. मेंदूतल्या एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो डोपामीन, नॉरॲड्रेनलीन अशा रसायनांवाटे. पाटाला पाणी सोडावं तसं हे रसायन दोन पेशींमधल्या फटीत सुटतं, आणि काम उरकलं की पहिली पेशीच पंप लावून ते परत ओढून घेते. मेथिलफेनिडेट हे पंप काही तास अडवून धरतं, त्यामुळे पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचतं. ॲम्फेटामीन आणखी पुढे जातं. ते पंप तर अडवतंच, शिवाय दार उचलून जादा पाणीही सोडतं. कपाळामागचा जो भाग एरवी लगाम धरतो, तोच अर्धवट झोपेत असला तर घोडा उधळतो. औषधाने जाग येते ती लगाम धरणाऱ्याला. आजींना हे पटलं नाही. नातवाने एका जागी बसून पूर्ण भाकरी खाल्ली तेव्हा पटलं. (भाकरीचंही पुढे येणार आहे.)

ॲम्फेटामीन पहिल्यांदा तयार झालं १८८७ साली. लाझार एदेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने ते बर्लिनमध्ये बनवलं, आणि त्याचा उपयोग काय हे कुणालाच न कळल्यामुळे ते चाळीसेक वर्षं पडून राहिलं. १९२९ साली अमेरिकेत गॉर्डन ॲलिस यांनी ते स्वतःवर टोचून पाहिलं. मग नाक चोंदल्यावर हुंगायची बेन्झेड्रीनची नळी बाजारात आली. मुलांचा संबंध आला तो १९३७ साली, आणि तोही अपघाताने. ऱ्होड आयलंडमध्ये एमा पेंडल्टन ब्रॅडली या नावाचं मुलांचं रुग्णालय होतं. मेंदूज्वराने आयुष्य उद्ध्वस्त झालेल्या आपल्या मुलीच्या नावाने एका श्रीमंत कुटुंबाने ते उभारलं होतं. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची क्ष-किरण चित्रं काढत. त्यासाठी त्या काळी मणक्यातलं पाणी काढून आत हवा भरावी लागे, आणि मुलांची डोकी भयंकर दुखत. डोकेदुखीवर उतारा म्हणून ब्रॅडली यांनी बेन्झेड्रीन दिलं. डोकी दुखायची तशीच दुखत राहिली, पण शिक्षक येऊन सांगू लागले की मुलं अभ्यास करताहेत! तीस मुलांपैकी चौदांच्या अभ्यासात डोळ्यांत भरेल असा फरक पडला. मुलांनीच त्या गोळ्यांना नाव दिलं, गणिताच्या गोळ्या.

या गोष्टीतला एक तपशील सांगायचा बहुधा राहून जातो. ब्रॅडली यांनी औषध दिलं होतं एक आठवडा. ते थांबवल्यावर फरकही गेला. पाऊणशे वर्षांहून जास्त काळ ज्या उपचाराचा पाया मानला जातो, तो पाया सात दिवसांचा आहे.

मेथिलफेनिडेट त्यानंतरचं. लेआंद्रो पानिझॉन यांनी ते १९४४ साली बाझेलच्या सिबा कंपनीत तयार केलं. त्यांची पत्नी मार्गरीट टेनिस खेळण्याआधी ते घेऊन पाहत असे. तिचं लाडकं नाव रीटा, म्हणून औषधाचं नाव रिटालिन. युद्धाची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती या औषधांच्या चुलत भावाची, मेथॲम्फेटामीनची आहे. १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात जर्मन सैन्याला पर्विटिनच्या साडेतीन कोटी गोळ्या पुरवल्या गेल्या. जपानमध्ये युद्धानंतर हिरोपॉनचं व्यसन एवढं पसरलं की १९५१ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. उत्तेजकांना चिकटलेली बदनामी तिथली आहे, आणि ती पूर्णपणे खोटी नाही. मात्र मात्रा न मोजता रात्ररात्र जागण्यासाठी घेतलेली गोळी आणि सकाळच्या न्याहारीनंतर दिलेली दहा मिलिग्रॅमची गोळी यांना एकाच पारड्यात टाकू नये. आपल्या वर्तमानपत्रांत ज्या 'एमडी'च्या साठ्यांवर छापे पडतात ते मेफेड्रोन. ते आणखी तिसरंच. नावात 'मे' आणि 'फे' आहे म्हणून एका वडिलांनी औषधाची पट्टी कचऱ्यात टाकली होती.

आता मूळ मुद्दा. मुलांना मेथिलफेनिडेट देऊन केलेल्या १८५ चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ साली एकत्र आढावा घेतला. बारा हजारांहून जास्त मुलं त्यांत होती. त्या चाचण्यांत औषध सरासरी किती दिवस दिलं गेलं होतं? पंच्याहत्तर दिवस. माझ्या दवाखान्यात सातव्या वर्षी सुरू झालेली गोळी दहावीपर्यंत चालते, कधी त्यापुढेही. पंच्याहत्तर दिवसांच्या पुराव्यावर आपण वीस वर्षांचा रस्ता आखतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मेथिलफेनिडेट घ्यावं असा अर्ज २०१९ मध्ये आला, २०२१ मध्ये पुन्हा आला. दोन्ही वेळा तज्ज्ञ समितीने शिफारस केली नाही, कारण फायदा आणि अपाय या दोन्हींचा पुरावा तिला पुरेसा भक्कम वाटला नाही. औषध वाईट आहे असा याचा अर्थ लावू नये. पहिल्या काही आठवड्यांत ते काम करतं याबद्दल, रोज मुलं पाहणारा माणूस म्हणून, मला शंका नाही.

लांबचं पाहण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न अमेरिकेत झाला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं चिठ्ठ्या टाकून चार गटांत वाटली गेली. एकाला काटेकोर औषधोपचार, दुसऱ्याला वर्तनाचं प्रशिक्षण, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला गावातले डॉक्टर देतील ते. १९९९ साली चौदा महिन्यांचा निकाल लागला आणि औषधाचे दोन्ही गट स्पष्ट पुढे होते. साऱ्या जगभर औषधं लिहिली गेली ती बरीचशी या निकालाच्या जोरावर. मग तीन वर्षांनंतरची पाहणी आली, आणि गटांमधला फरक पुसला गेलेला होता. ही दुसरी बातमी पहिलीइतकी गाजली नाही. का पुसला गेला यावर अजून वाद आहेत. चौदा महिन्यांनंतर कुणी कोणता उपचार घ्यायचा हे ज्याच्या-त्याच्यावर सोडलं होतं. काहींनी गोळी सोडली, काहींनी नव्याने धरली. शिवाय मुलं मोठी होत होती, आणि वय हे स्वतःच एक औषध आहे.

त्याच अभ्यासातल्या उंचीच्या नोंदींनी माझ्या 'छे'चा निकाल लावला. नव्याने औषध सुरू केलेली मुलं तीन वर्षांत, औषध न घेणाऱ्या मुलांपेक्षा दोन सेंटिमीटर कमी वाढली, आणि वजन २.७ किलोंनी कमी भरलं. पुढे भरून निघेल अशी सर्वांची आशा होती. हीच मुलं पंचविशीत आल्यावर २०१७ साली पुन्हा पाहिलं, तर सातत्याने गोळी घेत राहिलेले काही सेंटिमीटरने बुटकेच राहिले होते. कारणांमध्ये भुकेचा वाटा मोठा असावा. गोळी सकाळी लागते, दुपारी डबा तसाच परत येतो, रात्री आठनंतर भूक एकदम उसळते. आजींच्या नातवाची भाकरी लक्ष लागल्यामुळे संपली होती, भूक लागल्यामुळे नाही. पुढे तिथेच भाकरी अर्धी झाली. म्हणून मी मे महिन्याच्या सुट्टीत, जमेल तिथे, औषधालाही सुट्टी देतो. आंब्याबरोबर वजन परत येतं. मात्र घरातले सगळे त्या दीड महिन्यात टेकीला येतात, आणि सुट्टी द्यायची की नाही हे ठरवताना त्यांचंही ऐकावं लागतं.

हृदयाबद्दलचे दोन मोठे अभ्यास पहिल्या नजरेला एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. २०११ साली अमेरिकेत बारा लाख मुलं आणि तरुण यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अचानक हृदय बंद पडणं, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचं प्रमाण या औषधांनी वाढलेलं दिसलं नाही. मग स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतून, चौदा वर्षांपर्यंतच्या नोंदी पाहून, निष्कर्ष आला की औषधाच्या दर वर्षामागे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका सरासरी चार टक्क्यांनी वाढतो, पहिल्या तीन वर्षांत तर वर्षाला आठ टक्क्यांनी. विसंगती दिसते ती वरवरची. पहिल्यांनी विचारलं, कुणी कोसळलं का? दुसऱ्यांनी विचारलं, हळूहळू काय बिघडलं? आणि त्यांना जे सापडलं ते मुख्यतः वाढलेला रक्तदाब आणि धमन्यांचे विकार. झटक्यांच्या, अनियमित ठोक्यांच्या बाबतीत स्पष्ट वाढ त्यांनाही दिसली नाही. मूळ धोका लहान असला की त्यातली चार टक्के वाढही लहानच असते. पण पंचेचाळिशीत आधीच रक्तदाब चढलेल्या माणसाला हीच गोळी नव्याने सुरू करताना मी शंभरदा विचार करीन. आणि आपल्या किती दवाखान्यांत लहान मुलाच्या दंडाला बसेल असा पट्टा असतो? मोठ्यांचा पट्टा मुलाला गुंडाळला तर दाब खोटाच कमी दिसतो. निदान पट्टा तरी विकत घ्यावा, तो काही एमआरआय नाही.

मनाचा तोल जाण्याबद्दल थोडक्यात. तेरा ते पंचवीस वयाच्या सव्वादोन लाख अमेरिकन मुलांत, औषध सुरू केल्यावर साधारण ६६० मध्ये एकाला भास किंवा भ्रम झाले. ॲम्फेटामीन घेणाऱ्यांत हे प्रमाण मेथिलफेनिडेटच्या दुप्पट होतं. घरात अशा आजाराचा इतिहास असेल तर तो लपवू नये, एवढंच सांगणं.

आणि सवय. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लहानपणी गोळी घेतलेली मुलं पुढे व्यसनांकडे जास्त वळतात का, हे पंधरा अभ्यास एकत्र करून २०१३ साली पाहिलं गेलं. जास्तही वळत नाहीत, कमीही नाहीत. व्यसनापासून ही गोळी वाचवते असं काही डॉक्टर सांगत, तेही त्यात टिकलं नाही. पण सवयीचा दुसरा, बारीक अर्थ उरतो. नोरा व्होलकॉव यांच्या गटाने अठरा प्रौढांच्या मेंदूची चित्रं, मेथिलफेनिडेट सुरू करण्यापूर्वी आणि वर्षभरानंतर, घेतली. वर्षाच्या शेवटी डोपामीन ओढणारे पंप जवळपास चोवीस टक्क्यांनी वाढलेले होते. रोज पंप अडवला जातो म्हटल्यावर मेंदूने आणखी पंप बसवले! अठरा माणसांवरून सिद्धांत मांडू नये. पण गोळी चुकलेल्या दिवशी पूर्वीपेक्षाही जास्त विस्कटल्यासारखं वाटतं असं जे माझ्याकडचे कितीतरी जण सांगतात, त्यांना नाटकी म्हणणं मी त्यानंतर सोडून दिलं.

आकड्यांत न बसणारी एक गोष्ट आहे, आणि या पुस्तकाचं सर्वांत मोठं प्रकरण तिच्यावर आहे. तिसरीत गोळी सुरू झालेला मुलगा पंचविशीत येऊन विचारतो, "यातला मी कोणता?" गोळीवरचा नीटनेटका, कमी बोलणारा, वेळेवर पोचणारा, की रविवारचा, गोळीशिवायचा, चार कामं अर्धी टाकून पाचव्याच्या मागे लागणारा? त्याच्या बायकोला पहिला आवडतो, मित्रांना दुसरा. उलट, चाळिशीपर्यंत सगळ्यांनी 'वेंधळी' म्हणून हिणवलेली एक बाई, मुलाचं निदान होता होता स्वतःचंही निदान होऊन गोळी सुरू झाल्यावर म्हणाली, "पहिल्यांदा मी मला भेटले." दोघांचंही मी खरं मानतो.

दुसरं पारडं दाखवल्याशिवाय हे पुस्तक वाचकाच्या हाती देणं अप्रामाणिक होईल. गोळी न घेण्याचेही लांबचे परिणाम असतात; फक्त त्यांच्यावर कुणी इशारा छापत नाही. स्वीडनमध्येच, निदान झालेल्या जवळपास दीड लाख लोकांच्या नोंदींवरून २०२४ साली दिसलं की औषध सुरू केलेल्यांत दोन वर्षांत दहा हजारांमागे ३९ मृत्यू झाले, न सुरू केलेल्यांत ४८. फरक मुख्यतः अपघात, विषबाधा अशा अनैसर्गिक मृत्यूंतला. अर्थात औषध घेणारे आणि न घेणारे मुळातच सारखे नसतात. दवाखान्यासमोर उभं राहून, इथे येतो तो प्रत्येक जण आजारी असतो, म्हणजे दवाखानाच आजार देतो, असं म्हणता येत नाही. ही अडचण औषधाच्या बाजूच्या आणि विरुद्ध बाजूच्या, सगळ्याच नोंदींना लागू आहे.

इथे महाराष्ट्रातली गोष्ट आली. आपल्याकडे मेथिलफेनिडेट औषध नियमांच्या 'एक्स' परिशिष्टात आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधविक्रेत्याने दोन वर्षं जपून ठेवायची, माल कुलपात ठेवायचा, विक्रीला वेगळा परवाना घ्यायचा. शिवाय अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याची टांगती तलवार. एवढा व्याप दोनचार गिऱ्हाइकांसाठी कोण करील? तालुक्याच्या गावात बहुधा उत्तर येतं, "पुण्याहून आणा." मग महिन्याची गोळी दीड महिना पुरवली जाते, कधी पंधरा दिवस खाडा पडतो. अमेरिकेतल्या भाच्याने सुट्टीवर येताना ॲडरॉल हे ॲम्फेटामीन आणलं, तर ते संपल्यावर इथे मिळत नाही. कारोलिन्स्काच्या अभ्यासातल्या माणसाने गोळी घेतली म्हणजे ती खरोखर सलग घेतली असण्याची शक्यता मोठी. आमच्याकडची 'पाच वर्षं' ही भोकांची जाळी असते, आणि तिकडचे आकडे तिच्यावर जसेच्या तसे बसत नाहीत.

कुलूप गैरवापर रोखण्यासाठी आहे, हे मान्य. अभ्यासिकांमध्ये बसणारी मुलं हल्ली 'डोकं चालवायची गोळी' विचारत येतात. ज्यांना हा विकार नाही अशा चाळीस तरुणांना मेलबर्नच्या संशोधकांनी ही औषधं देऊन अवघड कोडी सोडवायला बसवलं होतं. त्यांची धडपड वाढली, उत्तरांची प्रत घसरली. माझ्याकडून त्यांना चिठ्ठी मिळत नाही.

स्वीडनचं नाव या प्रस्तावनेत वारंवार आलं, कारण तिथे प्रत्येक माणसाची प्रत्येक चिठ्ठी राष्ट्रीय नोंदवहीत जाते. आपल्याकडे तशी वही नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना दर सहा महिन्यांनी उंची, नाडी आणि रक्तदाब पाहायला सांगतात. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी. आणि औषध अजून लागतं का, हे वर्षातून एकदा मुळापासून विचारायला. यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही.

एक विनंती आधीच करतो. गोळी चालू असेल तर पुस्तक वाचून ती एकाएकी बंद करू नका, आणि पुस्तक वाचून सुरूही करू नका. जे खटकेल त्यावर खूण करून ते पान तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा. ते माझ्यासारखे "छे" म्हणाले, तर पुढच्या खेपेला पुन्हा विचारा.

पुस्तकाच्या शेवटी बारा पानं नुसती आखून कोरी ठेवली आहेत. रकाने सहा: तारीख, उंची, वजन, नाडी, रक्तदाब, आणि गोळी किती दिवस चुकली. पहिली ओळ गोळी सुरू करण्याच्या आदल्या दिवशी भरा. सुरू होऊन वर्षं लोटली असतील, तर आज भरा.